आबांचं चालतं मौन

आमच्या आबांना चालता चालता काही विचारलं की त्यांचं पाऊल लहान होतं.

हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले तेव्हा ह्यांनी, म्हणजे आबांच्या चिरंजीवांनी, वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं, "मग विचारू नये," एवढं म्हटलं आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. त्यामुळे आता कागदावर तरी नीट सांगते.

आबा म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एकटे चालायला लागले की असे चालतात, जणू रस्त्यावर कोणी पट्टीने रेघ मारून ठेवली आहे. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री. पण त्या रेघेवर असताना त्यांना "आज वार कोणता?" असं विचारून पाहा. वार सांगतात, बरोबर सांगतात, पण चाल मंदावते. "गाय पोहते का?" असं जरा विचार करायला लावणारं विचारलं, की एक पाय गटाराकडे सरकायला लागतो. आणि साडेतीनचा पाढा विचारला, ज्याला जुनी माणसं औटकी म्हणतात, तर आबा थांबतातच. जिथे असतील तिथे. मग तिथे रस्त्याचा मध्य असो की म्हशीची शेपटी.

ह्यात हसण्यासारखं काही नाही. रोज सकाळी माझी सहा वर्षांची मुलगी ह्याच माणसाचं बोट धरून शाळेत जाते. तिचं नाव अरुंधती, आम्ही अरू म्हणतो. आणि अरू डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत प्रश्न विचारते. तिचे प्रश्न संपले की आबा तिला पाढे विचारतात. म्हणजे धरमपेठेतल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत दोघांपैकी एकाचं डोकं कायम कामावर असतं, आणि वाटेत तो चौक आहे जिथे सिटी बस भोंगा न वाजवता वळते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यात मी गॅलरीतून पाहत होते. दोघं चौकाच्या बरोबर मध्ये पोचले, अरूने मान वर करून काहीतरी विचारलं, आणि आबा थांबले. सायकलरिक्षावाला घंटी वाजवतोय, बस वळतेय, आणि आबा छत्रीच्या टोकाने हवेत काहीतरी समजावून सांगताहेत. माझ्या हातातला कुकरचा शिट्टीवाला ठोकळा खालच्या मजल्यावर सिंधूताईंच्या तुळशीत पडला.

संध्याकाळी अरूला विचारलं, "चौकात काय विचारलंस आबांना?"

"बस वळताना आतली माणसं का नाही वळत, ते."

आता ह्या प्रश्नाला तर मीही थांबले असते.

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. त्यात 'अवधान' नावाचं एक प्रकरण होतं. माणसाचं अवधान एकच असतं, दोन कामांत वाटलं की दोन्हींकडे अपुरं पडतं, असं त्यात होतं. परीक्षेत त्यावर पानंच्या पानं लिहून मी चांगले गुण मिळवले होते. ते अवधान एक दिवस धोतर नेसून माझ्या मुलीसकट बसच्या समोर उभं राहील, हे तेव्हा कुठल्याच प्राध्यापकाने सांगितलं नाही.

उपाय अगदी सोपा होता. अरूला मीच शाळेत सोडायचं. पण तो उपाय तोंडातून बाहेर पडेना. सासूबाई गेल्यापासून आबांच्या हातून घरातलं एकेक काम निसटलं होतं. दूध घरपोच यायला लागलं. विजेचं बिल हे कचेरीतून येताना भरायला लागले. राशनच्या रांगेत आबांना कोणी उभं राहू देत नाही. लोकच पुढे ढकलतात, ते त्यांना आवडत नाही. उरली होती एक शाळा. त्यासाठी ते अरूच्या कितीतरी आधी तयार होऊन, गुडघ्यांवर छत्री आडवी ठेवून, गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले असत. त्या माणसाला 'उद्यापासून तुम्ही जाऊ नका' कुठल्या शब्दांत सांगायचं? आणि नाही सांगायचं, तर रोज सकाळी त्या चौकाकडे बघत कुकर लावायचा?

मी मधला मार्ग काढायचं ठरवलं. आबांची चाल सुधारायची. इथून सगळं बिघडलं.

पहिला सल्ला अर्थातच घरमालकीण सिंधूताईंचा. कुकरचा ठोकळा परत द्यायला त्या वर आल्या, त्या गोष्ट काढून घेऊनच खाली गेल्या. "नस दबली असंल वं त्याईची! माझ्या नणदेच्या सासऱ्याचंबी असंच होतं. मोहरीचं तेल कोमट कर अन् तळपायाले चोळ. पहा कसे पळून राहतीन!"

आबा तेल चोळून घ्यायला तयार झाले, कारण सुनेचं मन मोडू नये अशी त्यांची समजूत. पण तेलाचे तळवे घेऊन ते वहाणांत शिरले, आणि कोपऱ्यावर डावी वहाण जी निसटली ती थेट रस्त्यापलीकडे. ती परत मिळेपर्यंत एक गाय मोहरीच्या वासाने ती चाटत उभी होती. आबांनी गायीला नमस्कार केला, वहाण उचलली आणि घरी येऊन म्हणाले, "सूनबाई, तेल फोडणीत बरं."

दुसरा सल्ला शेजारच्या रुपरावांचा. त्यांचा काटोलला संत्र्यांचा बगिचा आहे, तो मुलं बघतात, आणि रुपराव इथे आमची काळजी बघतात. "वहिनी, मी सांगून राहिलो ना, दोष वहाणीत आहे. म्हाताऱ्या माणसाले कॅन्व्हासचा बूट पाहिजे जी. पकड येते." बूट आणले. पांढरे. आबांनी धोतरावर ते घातले आणि आरशासमोर काही वेळ उभे राहिले. मग ते काढले, पुसले आणि देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवून दिले. अजून तिथेच आहेत. दिवाळीत मी त्यांच्यावरची धूळ झटकते.

तिसरं, डॉक्टर. डॉक्टरांनी आबांना दवाखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं. आबा गेले, आले. रेघेवर.

"उत्तम चाल आहे," डॉक्टर म्हणाले.

"आता त्यांना चालताना काहीतरी विचारा," मी म्हटलं.

"काय विचारू?"

"काहीही. नाहीतर साडेतीनचा पाढा विचारा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आबांना बाहेर बसायला सांगितलं. मग मला माझी झोप, माझी भूक, माझं माहेर ह्यांबद्दल बरंच काही विचारलं, आणि एक टॉनिक लिहून दिलं. घरी येऊन पाहिलं तर बाटलीवर माझं नाव. दोन वेळा, जेवणानंतर. ह्यांनी ते चवीने वाचून दाखवलं. ती बाटली मी संपवली, कारण फेकवत नव्हती, पण डॉक्टरांवरचा माझा विश्वास त्या बाटलीच्या आधी संपला होता.

ह्यात भर म्हणून चौकाच्या तोंडाशी पाण्याच्या नळासाठी एक लांबलचक खड्डा खणला गेला. नळ आला नाही, खड्डा राहिला. मी महापालिकेच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "खड्ड्यात कोण पडलं?"

"अजून कोणी नाही. पण माझे सासरे पडतील."

"कशावरून?"

मी औटकीबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि टॉनिकची बाटली आठवून मिटलं. साहेब समजुतीने म्हणाले, "बाई, पडलेल्या माणसाने स्वतः यायचं असतं. पडले की पाठवा."

मग मी पाळत ठेवायला लागले. दुसरा इलाज नव्हता. आबा आणि अरू निघाले की मागोमाग मी, हातात भाजीची पिशवी, तोंडासमोर छत्री. पावसाळा असल्याने छत्री शोभून जाई. नेमका पाऊस नसला की मात्र शोभत नसे. आबा वळून पाहत नाहीत हे मला माहीत होतं. बाकीची धरमपेठ वळून पाहते, हे मी विसरले होते. आठवड्याभरात सिंधूताईंनी मला जिन्यात गाठलं.

"काहून वं, सासऱ्यावर पाळत ठेवून राहिली का तू? ते समोरची यमुताई विचारून राहिली होती मले. म्हणे, तुमची भाडेकरीण सासऱ्याच्या मागं मागं हिंडून राहिली, घरात वाटणीचं काही आहे का?"

"वाटणी कसली सिंधूताई? ह्यांना भाऊसुद्धा नाही!"

"थेच तर मी म्हटलं! तर म्हणे, मग जास्तच गडबड आहे."

अब्रू अशी जिन्यात सांडल्यावर मी विचार केला, की चाल सुधारत नसेल तर बोलणं थांबवावं. आणि देवाच्या कृपेने तोंडावर आषाढी एकादशी होती.

चातुर्मासाला प्रत्येकजण काहीतरी नेम धरतो. सिंधूताई वांगं सोडतात आणि चार महिने वांग्याबद्दल बोलतात. आबा दरवर्षी दोडका सोडतात. दोडका त्यांना जन्मापासून आवडत नाही. पण दोडक्याचा त्याग करताना ते जो चेहरा करतात तो बघून कोणाचीही श्रद्धा वाढावी. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी सिंधूताई नेहमीप्रमाणे विचारायला आल्या, "आबासाहेब, यंदा काय सोडून राहिले?"

आबांनी चेहरा तयार केला. त्यांनी 'दो' म्हणायच्या आत मी बोलले, "आबा यंदा चालताना मौन धरणार आहेत."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. कचेरीत हाताखालच्या माणसाने केलेली बेरीज तपासताना ते असंच पाहत असतील. मला वाटलं, आता विचारतील, का? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"बरं," आबा म्हणाले. "चालताना मौन."

"मी पण!" अरू ओरडली.

माझ्या डोक्यात नेम म्हणजे साधी गोष्ट होती. पण नेम धरणारा हेडक्लार्क आहे, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. रात्रीच्या जेवणापर्यंत नेमाला पोटनियम लागले. दोन्ही पावलं शेजारी टेकल्याशिवाय बोलायचं नाही. चालताना मान डोलवायची नाही, कारण मान डोलवणं हेही उत्तरच. शिंक चालेल, शिंकेनंतरचं 'रामा' थांबून. अरूने सगळं पाठ केलं. आणि आणखी एक झालं. नेम मौनाचा असल्यामुळे दोडक्याचा त्याग यंदा बाद झाला. त्या वर्षी आबांनी चार महिने दोडका खाल्ला. एकदाही तक्रार केली नाही. मी इतकी वाईट नाही. पण पावसाळ्यात बाजारात दुसरं काय मिळतं?

पहिले काही दिवस मला यश आल्यासारखं वाटलं. मग बातमी पसरली. सकाळी आबा दिसले की रुपराव मुद्दाम फाटकाशी येऊन "राम राम जी!" म्हणत. आबा थांबत. दोन्ही पावलं जुळवत. छत्री काखेत घट्ट करत. "राम राम." मग चालू लागत. पुढच्या फाटकाशी दुसरा राम राम. शेजारी अरूही थांबे, पावलं जुळवे, "राम राम" म्हणे. शाळेची वाट राम रामांतच संपेना. श्रावण लागला तेव्हा देवळातून येणाऱ्या बायका वाटेत पदर सावरून उभ्या राहायला लागल्या. एकीने आबांच्या पाया पडून विचारलं, "महाराज, पोरीचं लग्न ह्या साली जुळंल का?"

आबा थांबले, पावलं जुळवली आणि म्हणाले, "मला काय माहीत?"

"पहा," ती बरोबरच्या बाईला म्हणाली, "किती खरं बोलून राहिले!"

तिच्या मुलीचं लग्न भाद्रपदाच्या आधीच जुळलं. त्यानंतर आबांना नारळ यायला लागले.

मग शाळेतून मला बोलावणं आलं. मुख्याध्यापिका प्रेमिलाबाई फार शांतपणे बोलणाऱ्या, म्हणून त्यांची जास्तच भीती वाटते. "तुमची मुलगी कवायतीत चालत नाही," त्या म्हणाल्या.

"चालते की! घरी तर पळते."

"मुलं रांगेत 'डावा, उजवा' म्हणत पावलं टाकतात. ही 'डावा' म्हणायला थांबते. पावलं जुळवते. मग म्हणते. मागची अख्खी रांग तिच्या पाठीवर येते. काल पाच मुलांचे गुडघे फुटले. मी विचारलं तर म्हणते, नेम आहे. कोणाचा नेम आहे हा?"

"सासऱ्यांचा."

"त्यांना कोणी सुचवला?"

मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. नकाशात विदर्भ फार छान रंगवला होता.

हे सगळं मी सोसलं असतं. गुडघे बरे होतात. पण खरी गोष्ट मला श्रावण संपताना कळली. एका सकाळी छत्रीआडून बघताना दिसलं, की आबा तोंड मिटून चालताहेत, अरूही गप्प, कोणी राम राम म्हणत नाहीये, आणि तरीही आबांचं पाऊल लहान झालंय. उजवा पाय गटाराकडे सरकतोय. अगदी पूर्वीसारखा. ओठ मात्र हलत होते.

संध्याकाळी विचारलं, "आबा, चालताना मौनात काय करता?"

"मौनच."

"आणि मनात?"

"मनात औटकी," आबा जरा अभिमानाने म्हणाले. "सात औटे साडेचोवीस. अजून एकही चुकत नाही. मनाला पोटनियम घातलेला नाही, सूनबाई."

म्हणजे मी तोंड बंद केलं होतं, आणि दुकान आत चालूच होतं. मनाला काय सोडायला सांगणार? मनाने वांगं सोडलं तर ते चार महिने वांग्याचाच विचार करतं, हे सिंधूताईंकडे बघून मला आधीच कळायला हवं होतं.

मी ह्यांना सांगितलं, "तान्हा पोळा झाला की मी स्वतः सांगणार आबांना. अरूला मी नेईन."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि ह्या वेळी वर केलं नाही. "कसं सांगशील?"

"नीट सांगेन."

"नीट म्हणजे कसं?"

ह्यालाच मी पुढचे सगळे दिवस उत्तर शोधत होते.

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत मैदानात नेतात, घरोघरी बोजारा म्हणून खाऊ मिळवतात. अरूच्या बैलाच्या शिंगांना आबांनी सोनेरी कागद लावला होता, आणि गळ्यात माझ्या जुन्या पोतीतले मणी. दोघं निघाले, आबांच्या एका हातात अरू, अरूच्या हातात दोरी, दोरीला बैल. मागे मी, छत्री, पिशवी. रस्ता मुलांनी आणि बैलांनी भरलेला.

मी चालता चालता वाक्य तयार करत होते. 'आबा, आता तुम्हाला रोजची दगदग नको.' नको, दगदग म्हटलं की त्यांना राशनची रांग आठवणार. 'आबा, पावसात रस्ता निसरडा होतो.' मग म्हणतील, पाऊस संपल्यावर नेतो. 'आबा, मलाच जरा सकाळचं चालायला डॉक्टरांनी सांगितलंय.' हे बरं होतं. टॉनिकची बाटली साक्षीला होती. मी ते वाक्य घासूनपुसून घेत होते, 'मलाच' आधी घ्यावं की 'जरा', ते बघत होते, तोवर चौक आला.

आबा आणि अरू चौकाच्या कडेला थांबले. पावलं जुळवली. मला वाटलं कोणी राम राम केला. कोणीच नव्हतं. अरूने मान वर केली आणि विचारलं, "आबा, मनातलं झालं का?"

आबांनी क्षणभर डोळे मिटले. "थांब हं. साडेएकोणपन्नास... नाही, एकोणपन्नास. झालं. ठेवलं बाजूला."

अरूने त्यांच्या पायांकडे पाहिलं. नीट पाहिलं, कवायतीचे गुरुजी पाहतात तसं. "चला," ती म्हणाली.

आणि दोघं चौक ओलांडून गेले. रेघेवर. मागून बैलाची चाकं वाजत गेली. पलीकडे पोचल्यावर दोघं पुन्हा थांबले. अरू म्हणाली, "आता काढा," आणि आबांचे ओठ पुन्हा हलायला लागले.

हे किती दिवस चालू होतं? मी छत्री आड धरून बघत होते, म्हणून मला दिसलंच नाही का? बहुधा छत्रीचा कपडाच मध्ये आला असणार. सहा वर्षांच्या मुलीला कोणी सांगितलं, की गप्प बसणं पुरत नाही, आतलं थांबायला हवं? माझ्या अवधानाच्या प्रकरणात तर हे शेवटच्या परिच्छेदातही नव्हतं. आणि आता माझ्या त्या वाक्याचं काय करायचं, 'मलाच जरा'...

असा विचार करत मी पुढचं पाऊल टाकलं, आणि ते खड्ड्यात पडलं. मागोमाग मी.

तोच खड्डा. माझाच, म्हणायला हरकत नाही. त्याच्यासाठी कचेरीत गेलेली मी एकटीच होते. गुडघाभर चिखल, छत्री उलटी, पिशवीतली भेंडी तरंगतेय, आणि कडेला अख्ख्या धरमपेठेतली मुलं आपापल्या बैलांसह गोल उभी.

"बाप्पा!" रुपरावांचा आवाज. "वहिनी खड्ड्यात काहून उभ्या हायेत जी?"

"उभी नाही जी ते," सिंधूताई म्हणाल्या. "पडली."

आबा परत आले. चौक ओलांडून, अरूसकट, पुन्हा ते सगळं विचारून-पाहून आले असणार, कारण त्यांना वेळ लागला. खड्ड्याच्या कडेशी त्यांनी दोन्ही पावलं जुळवली. मग छत्रीची मूठ माझ्याकडे पुढे केली आणि विचारलं, "सूनबाई, काय विचार करत होतीस?"

पाय चांगलाच मुरगळला होता. कचेरीत ही बातमी द्यायला हवी होती, पण पडलेल्या माणसाने स्वतः जायचं असतं, आणि मला चालता येत नव्हतं. अरूला शाळेत कोण नेणार हा प्रश्न अशा रीतीने आपोआप मागे पडला.

एका दुपारी मी पायाला हळदीचा लेप लावून बसले होते. आबा खुर्ची ओढून समोर बसले. बसून बोलायला नेमाची हरकत नव्हती.

"पूर्वी दोन्ही व्हायचं," ते म्हणाले. "कचेरीतून घरी येईपर्यंत मी दिवसभराच्या बेरजा तपासत यायचो. रस्ता आपोआप पायाखालून जायचा. आता रस्ता म्हणतो, माझ्याकडे बघ. आणि औटकी म्हणते, माझ्याकडे. आताशा चौकात भीती वाटायला लागली होती मला."

मी लेपावरून बोट फिरवत राहिले. "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू शाळा काढून घेतली असतीस."

ते वाक्य अजून घासूनपुसून तयार माझ्याकडे होतं.

"नेम बरा सुचवलास," आबा म्हणाले. "नेम असला की थांबता येतं. नुसतं थांबलं की लोक हात धरायला येतात. नेमाने थांबलं की पाया पडतात." ते जरा हसले. "पाया पडणारे परवडतात. निदान खाली तरी बघतात."

कार्तिकी एकादशीला नेम सुटला. आबांनी नेमाची सांगता म्हणून साठलेले सगळे नारळ वाटून टाकले. सिंधूताईंनी चार महिन्यांचं वांगं एका दिवसात केलं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा काठी टेकत त्या दोघांबरोबर निघाले. मागून नाही, बरोबरीने. मला स्वतःला बघायचं होतं, नेम नसताना काय होतं ते. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य अजून मी टाकून दिलं नव्हतं. तशीच वेळ आली तर असावं म्हणून.

चौक आला. दोघं थांबले. दोघांची पावलं जुळली.

"आबा, मनातलं झालं का?"

"झालं."

मग अरूने माझ्याकडे पाहिलं. "आई, तुझं?"

"झालं गं."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. काठीकडेही पाहिलं. "नाही झालं. तुझा एक पाय गटाराकडे चाललाय."

म्हणून आम्ही तिघं तिथे उभे राहिलो. एक बस वळून गेली. एक सायकलरिक्षा गेली. रुपराव फाटकातून ओरडले, "काहून थांबले जी आबासाहेब? नेम तर सुटला ना?"

आबा वळले. "सूनबाईचं व्हायचं आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा सरळ बघत उभे राहिले. त्यांना अजिबात घाई नव्हती. छत्री काखेत, टोपी सरळ. ज्याला ह्या रस्त्यावर रोज यायचं आहे अशा माणसाने उभं राहावं तसे उभे होते.

मी डोळे मिटले. ते वाक्य शेवटचं एकदा पाहिलं. 'मलाच' आधी होतं, 'जरा' मागे. चांगलं वाक्य होतं. ते मी तिथेच, खड्ड्याच्या कडेला ठेवून दिलं.

"झालं," मी म्हटलं.

अरूने पुन्हा पाहिलं. "चला."

पलीकडे पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. मग आबा थांबले, पावलं जुळवली. नेम नव्हता, पण जुळवली. "काही सांगायचं होतं ना तुला?"

"काही नाही आबा. संध्याकाळी भाजी कोणती करू, एवढंच."

आबांनी विचार केला. चांगला उभं राहून, पूर्ण लक्ष देऊन विचार केला.

"दोडका सोडून," ते म्हणाले, "काहीही."